चाकाखालचा दगड

मागच्या रविवारी आमच्या धानोऱ्याच्या अंगणात गाडीचे ऑपरेशन झाले. मुलाने गाडीच्या मागच्या दोन्ही डिस्क आणि हॅन्डब्रेकचे शू घरीच बदलले. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर, मला त्यातले काय कळणार? पण खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसलो.

चाक निघाले, कॅलिपर निघाला. डिस्क काढायची तर हॅन्डब्रेक सोडावा लागतो, कारण तिच्या मधल्या वाटीतच हॅन्डब्रेकचे दोन अर्धगोल शू दडलेले असतात. पायाचा ब्रेक डिस्कला बाहेरून चिमटीत धरतो, हाताचा ब्रेक आतून रेटतो. शूचे लाईनिंग झिजले नव्हते, पण गंजाने सुटून आले होते.

या तुकड्याला ‘शू’, म्हणजे जोडा, का म्हणतात, या विचाराने मला एक जुनी हकिगत आठवली. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीतून मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. वाटेत उतारावर लाकडी ब्रेक झिजले. तिने एका मोच्याला गाठले आणि त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकचे पहिले लाईनिंग ते हेच, असे मानतात. पुढे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूडने पाहिले, की घोडागाडीवाले ब्रेकला जुने बूट लावतात. त्यातूनच त्याचा लाईनिंगचा कारखाना उभा राहिला. नंतर लाईनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आले. त्याची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून जुना ड्रम फुंकर मारून साफ करू नये.

डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टरने १९०२ मध्येच घेतले होते. पण १९५३ साली ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष तिकडे गेले. आपल्याकडे कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी मात्र चारही चाकांना ड्रम घेऊनच धावली. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी २०२३ मध्ये गेली.

असो. खरे सांगायचे ते वेगळेच आहे.

१९८३ साली मी अकरा मुलांना भाड्याच्या जीपने तोरणमाळला नेले होते. घाटात इंजिन तापले. ड्रायव्हरने हॅन्डब्रेक ओढला आणि पाण्यासाठी उतरला. जीप हळूहळू मागे सरकू लागली. मी ओरडलो, पण हलू शकलो नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने उडी मारली आणि चाकाखाली दगड सरकवला. जीप थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “गुरुजी, हॅन्डब्रेक नुसता नावाला आहे.” निघण्याआधी मी ते विचारले नव्हते. घरी आल्यावर कोणत्याच पालकाला मी ही गोष्ट सांगितली नाही. त्या मुलाची पाठ थोपटली, पण चारचौघांत नाही. आज हे प्रथमच लिहितो आहे.

म्हणून रविवारी जॅक लावण्याआधी मी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. नातू म्हणाला, “आबा, गाडी गिअरमध्ये आहे की!” मी म्हटले, “असू दे. दगडही राहू दे.”

संध्याकाळी गाडी बाहेरच्या चढावर उभी केली. हॅन्डब्रेक ओढला. गाडी जागची हलली नाही. तरी मी जरा वेळ दगड हातात घेऊन मागे उभा होतो.