गंजिफा, पोकर आणि झाकलेले डोळे

तेलंगणात, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असलेले निर्मळ हे लाकडी खेळण्यांबरोबरच गंजिफांसाठी, म्हणजे हाताने रंगवून लाखेने चकाकवलेल्या गोल पत्त्यांसाठी, एके काळी ओळखले जात असे. सावंतवाडीतही घडणाऱ्या दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे १२० पत्ते असतात; कोणता पत्ता पडून गेला हे लक्षात ठेवणाऱ्याचीच तेथे सरशी होत असल्यामुळे डोळे झाकून फारसे काही साधत नसे.

पोकरमध्ये मात्र हलक्या पत्त्यांवरही मोठी बोली लावून प्रतिपक्षाला हुलकावणी देता येते, म्हणून नजर लपवण्याला मोल आले. उत्तेजनेने बाहुल्या विस्फारतात हे एकहार्ड हेस यांनी १९६० च्या दशकात दाखवले, आणि २००४ मध्ये ग्रेग रेमर यांनी सरड्याच्या डोळ्यांचे चित्र असलेला चष्मा लावून जागतिक अजिंक्यपद जिंकले. परंतु काळी काच हाताचा कंप, श्वास आणि बोलीची लय झाकत नाही. उलट मंद प्रकाशात इस्पिक आणि किलवर यांतला फरकच ती पुसट करते.

१९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हैदराबाद परिसरातील एका क्लबच्या खटल्यात रमीला कौशल्याचा खेळ ठरवले, तेही पडलेले पत्ते स्मरावे लागतात म्हणून. तीन पत्तीला ती मान्यता मिळाली नाही. पोकरमध्येही नवख्याला चष्म्याचा थोडा आधार मिळतो, पण जाणत्याला स्मरणशक्तीच अधिक उपयोगी पडते. मात्र पैसे लावून पोकर खेळण्यास तेलंगणात कायद्याने बंदी आहे.