भ्रूणविकास, औषधे व किरणोत्सर्गी मागोवा

मातेने घेतलेले औषध गर्भापर्यंत पोहोचते काय व तेथे त्याचे काय होते, हे किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या त्याच मूलद्रव्याच्या प्रकारांच्या) साहाय्याने शोधण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित झाली. किरणोत्सर्गी अणू रासायनिक दृष्ट्या नेहमीच्या अणूसारखाच वागतो, मात्र त्याच्या प्रारणावरून त्याचे स्थान कळते. १९३८ मध्ये जॉर्ज द हेव्हेशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस वापरून कोंबडीच्या भ्रूणातील फॉस्फरसयुक्त संयुगांचा उगम शोधला.

एडिंबरो येथे फेल्डमन व सी. एच. वॉडिंग्टन यांनी १९५५ मध्ये गंधक-३५ युक्त मिथिओनीन हे ॲमिनो अम्ल कोंबडीच्या भ्रूणास दिले. रचनेने त्याच्याशी साम्य असलेल्या एथिओनिनामुळे त्याचे ग्रहण रोखले जाते, असे त्यांना आढळले. विकृतीमागील रासायनिक व्यत्यय अशा रीतीने मोजता येऊ लागला. वॉडिंग्टन यांच्याकडे संशोधन केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात प्रायोगिक भ्रूणविज्ञानाची परंपरा रुजविली. शरीराबाहेर वाढविलेल्या कोंबडीच्या भ्रूणांवर ट्रिपन ब्लू या रंजकाचा होणारा परिणाम त्यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केला. त्या कामात समस्थानिके नव्हती. पण औषधाची थेट क्रिया पाहण्यास कोंबडीचा भ्रूण किती सोयीचा आहे, हे त्यावरून दिसते. त्याला वार नसते. म्हणूनच सस्तन प्राण्यांविषयीचा मुख्य प्रश्न त्यावरून सुटत नाही. भारतात तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाल्यावर समस्थानिकांच्या देशी निर्मितीचा मार्ग मोकळा झाला.

वार ही गर्भाची भरवशाची ढाल होय, ही समजूत थॅलिडोमाइडाने मोडली. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले हे शामक १९६१ च्या नोव्हेंबरात तेथे मागे घेण्यात आले. तोवर जगभर सु. दहा हजार मुले व्यंगासह जन्मली होती. १९६७ मध्ये लंडन येथील फाब्रो, स्मिथ व विल्यम्स यांनी कार्बन-१४ युक्त थॅलिडोमाइड गाभण सशांना देऊन त्याचा भ्रूणापर्यंतचा प्रवास तपासला. १९६९ मध्ये फाब्रो व सीबर यांनी कॅफीन व निकोटीन ही द्रव्ये गर्भाशयात रुजण्यापूर्वीच्या भ्रूणातही शिरतात, असे दाखविले. म्हणजे वार तयार होण्याआधीही धोका संभवतो.

मागोव्याची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. मोजलेली किरणोत्सर्गिता मूळ औषधाची की त्याच्या विघटनातून झालेल्या द्रव्याची, हे वर्णलेखनाने वेगळे ठरवावे लागते. शिवाय औषध भ्रूणात सापडले, एवढ्यावरून ते अपाय कसा करते हे समजत नाही. सेरेब्लॉन या प्रथिनाशी थॅलिडोमाइडाचा होणारा बंध जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखविला, तेव्हा कोठे त्या प्रश्नाचे उत्तर हाती येऊ लागले.