टेपरेकॉर्डर हाती आलेली मुले

सरकारी वसाहतींचा इतिहास बहुधा फायलींत सापडतो. किती खोल्या, किती भाडे, किती थकबाकी. त्या खोल्यांत माणसे काय बोलत होती, हे फायलीत नसते. म्हणून शिकागोतल्या दोन मुलांची हकिकत आम्हां शिक्षकांना मोलाची वाटते.

आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेने झुंडीच्या हत्यांविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवली. १९४१ साली शिकागोत कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी १,६६२ घरांची वसाहत झाली, तिला तिचेच नाव दिले गेले. पुढे देखभाल आटली, रोजगार गेले, आणि वसाहतीची ओळख गोळीबाराच्या बातम्यांपुरती उरली.

१९९३ साली डेव्हिड आयसे या रेडिओ निर्मात्याने लीॲलन जोन्स (वय १३) व लॉइड न्यूमन (वय १४) यांच्या हाती टेपरेकॉर्डर दिले. लॉइड वसाहतीतला, लीॲलन लगतच्या घरातला. दहा दिवस त्यांनी ध्वनिमुद्रण केले. आजीशी गप्पा, रस्त्यावरचा टारगटपणा, आणि लॉइडने आपल्या दारू पिणाऱ्या बापाला विचारलेले प्रश्न. ‘घेटो लाइफ १०१’ या नावाने हे सारे रेडिओवरून देशभर गेले. घरची दुःखे अशी चव्हाट्यावर मांडावीत का, असे कोणी विचारील. पण तो प्रश्न बापाला पोराने विचारला, परक्या बातमीदाराने नव्हे. फरक तिथेच आहे.

१९९४ साली तिथल्याच एका उंच इमारतीच्या चौदाव्या मजल्यावरून दहा-अकरा वर्षांच्या दोन मुलांनी पाच वर्षांच्या पोराला खाली टाकले. त्याने गोळ्या-चॉकलेट चोरायला नकार दिला होता. लीॲलन व लॉइड पुन्हा रेकॉर्डर घेऊन निघाले. १९९६चा तो कार्यक्रम आम्हांला पहिल्याहून थोर वाटतो.

आपल्याकडे मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या कामगारांचे बोल पुस्तकात आणले (२००४). पण तिथे विचारणारी मोठी माणसे होती. आमच्या तिरोड्यात आता पोरांच्या हाती मोबाइल आहे. घरकुलातल्या दादीची झाडीबोली मिसळलेली उर्दू कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. ती नातवाने विचारले तरच टिकेल.

वेल्स वसाहत २०११पर्यंत पाडून झाली. लॉइड २०२२ साली वारला. चौदा वर्षांचा त्याचा आवाज मात्र आजही ऐकता येतो.