केसपेपर : एका दुर्लक्षित गद्याचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा विचार करताना आपण निबंध, वृत्तपत्रीय लेख, चरित्र आणि कादंबरी यांच्यापाशी थांबतो. त्याच शतकात, त्याच मुंबईत आणखी एक गद्यप्रकार रोज लिहिला जात होता. लिहिणाऱ्यांत मराठी विद्यार्थी होते, ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांतले पुष्कळजण मराठी बोलणारे होते. लिहिण्याची भाषा मात्र इंग्रजी होती. इस्पितळातील रुग्णाची नोंद हा तो प्रकार. आज इस्पितळाच्या खिडकीवर रांग लावून आपण जो ‘केसपेपर’ काढतो, त्याचा तो पूर्वज. शिकवणाऱ्या इस्पितळातील सगळे संशोधन शेवटी या कागदावर उभे असते. रुग्णाने आपल्या बोलीत सांगितलेले दुखणे या कागदावर उतरताना त्याचे काय होते, हा प्रश्न आम्हांला वैद्यकाइतकाच वाङ्मयाचाही वाटतो. मुंबईतील दोन महाविद्यालयांच्या इतिहासातून तो तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

१

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यकाचे विद्यालय असावे ही गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांची इच्छा. ते १८३८ साली वारले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले इस्पितळ ही दोन्ही १८४५ मध्ये भायखळ्यास शेजारी शेजारी सुरू झाली. हे शेजारपण महत्त्वाचे. ग्रंथ वाचून वैद्य होण्याऐवजी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून वैद्य व्हायचे, ही पद्धत त्यात गृहीत होती. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी या पद्धतीचा आग्रह धरला. पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग हे होते.

मोरहेड यांचा हिंदुस्थानातील रोगांवरील दोन खंडांचा ग्रंथ १८५६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. इस्पितळातील रुग्णांच्या नोंदी हा त्याचा पाया. अशा नोंदीची घडण ठरलेली असते : वय, जात, धंदा, किती दिवसांपासून काय होते, अंगावर काय दिसले, कोणते औषध दिले, पुढे काय झाले, आणि मृत्यू आलाच तर शवविच्छेदनात काय आढळले. कथानकाची सगळी अंगे येथे आहेत. आरंभ आहे, गुंतागुंत आहे, शेवटही आहे. फक्त निवेदकाचा अधिकार ज्याने दुखणे भोगले त्याच्याकडून काढून, ज्याने ते पाहिले त्याच्याकडे दिलेला आहे.

रुग्ण बोलत मराठी, गुजराती, हिंदुस्थानी. अध्यापन चाले इंग्रजीत. या दोहोंमध्ये उभा असे देशी विद्यार्थी. तो वैद्यक शिकत होता आणि त्याच वेळी दुभाष्याचे कामही करत होता. ‘घेरी आली’, ‘भोवळ आली’, ‘अंधारी आली’, ‘चक्कर आली’ या चार तक्रारी मराठी कानाला वेगवेगळ्या कळतात : एकीत डोके फिरते, दुसरीत शुद्ध हरपते, तिसरीत डोळ्यांपुढचे दिसेनासे होते. इंग्रजीत जाताना त्या चारींचा बहुधा एकच शब्द होतो. मराठी भाषांतराचा इतिहास लिहिताना आपण शेक्सपिअरच्या भाषांतरकारांची नोंद घेतो. खाटेशी उभ्या असलेल्या या भाषांतरकाराची नोंद अजून कोणी घ्यावयाची आहे.

२

मराठीच्या अभ्यासकांना १८७४ हे वर्ष ‘निबंधमाले’च्या आरंभाचे म्हणून पाठ असते. त्याच वर्षी भाऊ दाजी वारले, आणि त्याच वर्षी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील हेन्री व्हँडाइक कार्टर यांचा ‘मायसेटोमा’ या रोगावरील ग्रंथ निघाला. तिन्ही घटना एकत्र ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

कार्टर हे ग्रे यांच्या जगप्रसिद्ध शरीररचनाशास्त्राचे चित्रकार. तो ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच साली कार्टर मुंबईला आले. लंडनमध्ये त्यांनी ज्या देहांवरून चित्रे काढली ते बेवारशी गरिबांचे होते. मुंबईत त्यांच्यापुढे आले ते अनवाणी राबणाऱ्यांचे पाय : सुजलेले, जागोजागी छिद्रे पडलेले, त्यांतून काळे किंवा फिके कण बाहेर टाकणारे. मदुरेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाचे मूळ बुरशीत आहे असे कार्टर यांनी मांडले आणि त्याला नावही दिले. कापून काढलेला पाय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, त्याची नेमकी आणि सुंदर चित्रे काढून, त्यांनी एका शेतकरी दुखण्याला शास्त्रात जागा मिळवून दिली. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. मात्र ज्याचा पाय गेला तो त्यानंतर शेतावर परतला का, हे त्या गद्याला विचारता येत नव्हते. त्याची घडणच तशी होती.

भाऊ दाजींचा मार्ग निराळा. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा मुंबईत शिकला, डॉक्टर झाला, शिलालेख वाचू लागला, कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहू लागला. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे उपचार केले. औषधाची कृती मात्र त्यांनी हयातीत जाहीर केली नाही. पुढे याच जातीच्या वनस्पतींची तेले कुष्ठरोगावरील मुख्य उपाय म्हणून जगभर वापरली गेली. १९४० नंतरच्या नव्या औषधांनी ती मागे सारली. कालिदासाचा काळ ठरवताना प्रत्येक पुरावा वाचकापुढे मांडणारा हा विद्वान औषधाबाबत मौन का पाळतो? आमच्या मते येथे ज्ञानाच्या दोन शिस्ती एकाच माणसात भेटल्या होत्या. देशी वैद्याची शिस्त औषध राखून ठेवते. महाविद्यालयाची शिस्त ते छापून दुसऱ्याच्या परीक्षेला देते. शिकवणाऱ्या इस्पितळाने आपल्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ही दुसरी शिस्त. भाऊ दाजींच्या मौनामुळे तिची किंमत अधिकच ठळक होते.

तिसरा मार्ग सखाराम अर्जुन यांचा. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. ग्रँट महाविद्यालयात शिकवणाऱ्या या डॉक्टरांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले आणि १८७९ मध्ये मुंबईतील औषधींची सूची सिद्ध केली. वैद्यक मराठीत बोलू शकेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी लिहून दिले होते. निबंधाच्या भाषेचा अभिमान धरणाऱ्या पिढ्यांनी या दुसऱ्या मराठी गद्याची वाट पुसू दिली.

३

दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ या काळात दुष्काळ पडला. अन्नासाठी माणसे मुंबईकडे निघाली, आणि त्यांच्याबरोबर एक ताप आला. तो उतरे, काही दिवसांनी पुन्हा चढे. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी १८७३ मध्ये अशा तापाच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू दाखवले होते. मुंबईतील आजाऱ्यांच्या रक्तात कार्टर यांनी १८७७ मध्ये तेच दाखवले. त्यांच्या १८८२ च्या ग्रंथाच्या नावातच या तापाचे दुसरे नाव ‘दुष्काळी ताप’ असे दिलेले आहे.

हे पर्यायी नाव आम्हांला फार बोलके वाटते. जंतूचे नाव प्रयोगशाळेचे, दुष्काळाचे नाव इतिहासाचे. एक रक्ताच्या थेंबात सापडते, दुसरे रिकाम्या गावांत. दोहोंना जोडणारा दुवा १९०७ मध्ये नाशिकला हाती आला. तेथील मिशनच्या मुलामुलींत पसरलेल्या साथीचा अभ्यास करताना पर्सिव्हल मॅकी यांनी हा ताप अंगावरील उवांमार्फत पसरतो, असे दाखवले. म्हणजे भूक, स्थलांतर, दाटी, न धुतलेला एकुलता कपडा आणि मग ताप, अशी ती साखळी होती. रुग्णालयातील संशोधन आणि सार्वजनिक आरोग्याचे संशोधन यांतला फरक येथे स्पष्ट होतो. पहिले विचारते, या माणसाला काय झाले आहे? दुसरे विचारते, याच माणसांना ते का होते? दुसरा प्रश्न आला की केसपेपरला त्याच्या चौकटीबाहेर यावे लागते.

४

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान केले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे, ग्रँट महाविद्यालयाचेच विद्यार्थी. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले आणि त्याच महाविद्यालयातील एका खोलीत व तिच्या लगतच्या बोळात कामाला लागले. जंतू वाढवण्यासाठी त्यांनी मांसाचा रस्सा घेतला, तोही गोमांस टाळून बकऱ्याचा. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, आणि त्यांना धरून जंतूंचे झुपके खाली लोंबत वाढले. शहराच्या श्रद्धा आणि शहराचे स्वयंपाकघर ही दोन्ही अशी प्रयोगशाळेत आली. उष्णतेने मारलेल्या या जंतूंची लस हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. काही कैद्यांनी लस घेतली, काहींनी घेतली नाही. घेतलेल्यांत रोग पुष्कळच कमी आढळला, आणि लशीच्या उपयुक्ततेचा पहिला मोठा पुरावा हाती आला. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे इतिहास सांगतो. कुलपाआडच्या ‘हो’ला स्वेच्छा म्हणावे का, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही; आज तो टाळता येत नाही.

तुरुंगाबाहेरच्यांनी आपले म्हणणे निराळ्या प्रकारे मांडले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात नेलेल्या माणसाच्या देहातून तेल काढतात, अशा वावड्या शहरात फिरत होत्या. शास्त्राच्या दृष्टीने त्या खोट्याच. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने वावडीकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहावे. केसपेपरवर ज्याला बोलू दिले जात नाही, तो अफवेतून बोलतो. ‘आमच्या देहातून तुम्ही काहीतरी काढून घेता, आणि काय ते आम्हांला सांगत नाही’, एवढा त्या वावडीचा गाभा होता. आणि तेवढ्यापुरती ती खोटी नव्हती.

५

परळचे सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. इस्पितळ १९२६ मध्ये सुरू झाले ते एका अटीवर : अध्यापक सर्व हिंदी असावेत, अशी देणगीदारांची अट होती. सरकारी महाविद्यालयांत वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसकडे असत. आता प्रश्न विचारणाराही येथलाच झाला. डॉ. जीवराज मेहता हे पहिले अधिष्ठाता.

याच इस्पितळातून डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीविषयी निबंध लिहिला. मुळी वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्याविषयी लिहिलेही होते. वकिलांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील परिणाम मोजून मांडला, आणि जगाने लक्ष दिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. भाऊ दाजींनी जे राखून ठेवले, तसलेच ज्ञान वकिलांनी आकड्यांत मांडून सर्वांच्या हवाली केले. पाऊणशे वर्षांत मुंबईच्या वैद्यकाने कापलेले अंतर ते एवढे. पण ते ५० रुग्णही निबंधात आकडे होऊनच राहिले. ‘मला बीपी आहे’ हे आज घरोघर उच्चारले जाणारे मराठी वाक्य अशा मोजदादीतून आपल्यापर्यंत आले आहे.

६

रुग्णाला विचारले पाहिजे, हा विचार नियमांत यायला वेळ लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे मानवी संशोधनाविषयीचे पहिले धोरणपत्र १९८० चे. औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये उघडली आणि २००९ मध्ये सक्तीची झाली. चाचण्यांत सामील होणाऱ्यांची संमती ध्वनिचित्रमुद्रित करण्याचा नियम २०१३ मध्ये आला. पुढे तो मर्यादित झाला. २०१९ पासून नवे नियम लागू आहेत. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, हे त्यांतले मूळ तत्त्व.

अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांनी मराठी अधिकृतपणे संशोधनाच्या कागदावर आली. पण कोणती मराठी? ‘यादृच्छिक पद्धतीने आपली गटनिवड करण्यात येईल’ हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे. परळच्या ओसरीत आजारी मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला त्यातून काय कळेल? ‘कोणाला नवे औषध आणि कोणाला जुने, हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठी टाकल्यासारखे ते ठरेल’ असे सांगितले तर ती विचारू शकेल, ‘मग माझ्या बाळाला वाईट चिठ्ठी आली तर?’ हा प्रश्न तिला विचारता आला, तरच पुढच्या अंगठ्याला संमती म्हणायचे. न कळलेल्या वाक्याखालचा अंगठा आणि कुलपाआडचा ‘हो’ यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही.

हे काम डॉक्टरांचे एकट्याचे नाही. भाषांतर, निवेदक आणि बोली या विषयांवर आपण वर्गात वर्षानुवर्षे बोलतो. त्या विद्येची खरी परीक्षा घेणारा मजकूर आपल्या विद्यापीठांपासून फार दूर नाही. शिकवणाऱ्या प्रत्येक इस्पितळात तो रोज कोणाच्या तरी हातात दिला जातो, आणि बहुधा न वाचताच परत घेतला जातो. मराठीच्या अध्यापकांनी तो एकदा मागून घेऊन वाचावा, आणि जेथे तो कळत नाही तेथे पेन्सिलीने खूण करावी. सखाराम अर्जुनांनी सुरू केलेले गद्य पुढे न्यायचे तर सुरुवात तेथून होऊ शकेल.