तळटीप : मॅटवरची पैलवान

* सोनाली तोडकर या बीड जिल्ह्यातील आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल मल्ल. फ्रीस्टाइल ही मॅटवरची, गुणांवर चालणारी कुस्ती : तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दहा गुणांची आघाडी मिळाली की चितपट न करताही लढत संपते. जत्रेच्या फडात निकालाला पाठ मातीला लागावी लागते. त्यामुळे मातीतून मॅटवर येणाऱ्या मुलीला डावांइतकाच गुणांचा हिशेबही शिकावा लागतो. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती २००४ साली, अथेन्सला आली. पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ पासूनची, महिलांची पहिली मात्र थेट २०२३ मध्ये, सांगलीत (उशीर म्हणावा तरी किती!). ती प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली. पुरुषांत पाटोद्याच्या राहुल आवारे यांचे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्ण बीडकरांच्या तोंडी आहे. — संपा.