माडीची चव कशी पारखायची? ब्राऊन एलची मोजपट्टी, रायगडचं पेय

२००९ मध्ये पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि बिअरची चव 'कडवट' या एका शब्दात संपत नाही, हे अनेकांना कळलं. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर मात्र हाताने बनणारं एक पेय पिढ्यान् पिढ्या आहे: माडी. ब्राऊन एलसारखी क्राफ्ट बिअर ज्या निकषांवर तपासतात, त्यांवर माडी तपासली तर?

परीक्षक गुण कसे देतात?

बिअर स्पर्धांमध्ये बीजेसीपी या अमेरिकी संस्थेची ५० गुणांची पत्रिका प्रचलित आहे. गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण. म्हणजे दिसण्याला सर्वांत कमी किंमत. ब्राऊन एलचा तपकिरी रंग भाजलेल्या माल्टमुळे येतो. परीक्षक त्यात कॅरॅमल, टोस्ट, सुकामेवा शोधतात. हॉप्सचा कडवटपणा बेताचाच हवा.

माडी बनते कशी?

माड म्हणजे नारळाचं झाड. त्याची न उमललेली पोय बांधून टोक कापतात आणि ठिबकणारा रस मडक्यात धरतात. भंडारी समाजाचा हा परंपरागत व्यवसाय. ताडाच्या रसाची होते ती ताडी. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं रोखलं जातं आणि मिळते नीरा. चुना नसेल तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. ब्राऊन एलमध्ये यीस्ट निवडून घालतात. इथे ते आपोआप येतं, बेल्जियमच्या लॅम्बिक बिअरसारखं.

मग पारख कशाची?

• वेळ: सर्वांत महत्त्वाची. ताजा रस गोड, काही तासांनी आंबटगोड आणि फेसाळ, दुसऱ्या दिवशी जवळजवळ व्हिनेगर. त्यामुळे 'कधी काढली?' हा पहिला प्रश्न.
• रूप: दुधाळ, गढूळ. ब्राऊन एलमध्ये गढूळपणा खटकेल, इथे तो यीस्टमुळेच असतो.
• गंध: पिकलेलं फळ, यीस्ट, किंचित आंबूस. झोंबणारा वास आला तर ती उतरली समजा.
• चव आणि पोत: गोडी आणि आंबटपणाचा तोल, जिभेवर हलका चुरचुरीतपणा. माल्ट आणि हॉप्स नसल्याने भाजका किंवा कडू स्वाद अपेक्षित नाही.

दोन्हींतलं अल्कोहोल साधारण ४-५ टक्क्यांच्या आसपास असतं. पण माडीत ते तासागणिक बदलतं, म्हणून 'सौम्य आहे' असं गृहीत धरू नये.

जीभ कुठे कमी पडते?

भेसळीत. नशा वाढवण्यासाठी ताडीत क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारं रसायन मिसळल्याची प्रकरणं महाराष्ट्रात उघड झाली आहेत. ते जीवघेणं ठरू शकतं आणि गोडी वाढवून त्याची चव झाकता येते. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते. माडी-ताडी काढणं आणि विकणं १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली येतं आणि त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

म्हणून ५० गुणांच्या आधी दोन प्रश्न विचारा: दुकान परवानाधारक आहे का, आणि मडकं कधी उतरवलं? उत्तरं समाधानकारक नसतील, तर चवीचा प्रश्नच उरत नाही.