विटांचे थर आणि मोड
इ.स.पू. ४२८चा हिवाळा. वेढ्यात अडकलेल्या प्लॅटियाच्या लोकांना पळायला शिड्या हव्या होत्या. पण शत्रूच्या भिंतीची उंची किती? मग अनेकांनी लांबूनच विटांचे थर मोजले, तेही पुन्हा पुन्हा. काहीजण चुकणारच, म्हणून जास्तीत जास्त लोकांचा जुळलेला आकडा धरला. थ्युसिडिडीसने लिहून ठेवलंय: २१२ जण अथेन्सला पोचले.

हाच आपला शाळेतला बहुलक. ‘मोड’ हे नाव कार्ल पिअर्सनने १८९५मध्ये दिलं. अमेरिकेत मात्र २०१०च्या ‘कॉमन कोअर’ने सहावीसाठी सरासरी आणि मध्यक सांगितले, मोडचं नावच नाही. मला हे काही पटत नाही. वर्गाला आवडतं आइस्क्रीम विचारा, आणि काढा बघू त्याची सरासरी!